यात किंतु कसला?

१२ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? नवीन पट्टा लावतेस की कपाटात ठेवून दिलास? मी बरी आहे. फोनवर तू मला एकही वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र लिहिते आहे. इथे तरी मधे बोलता येणार नाही तुला.

लॅबमध्ये काम भरपूर. गेल्या आठवड्यात एक निवृत्त न्यायाधीश स्वतः आले. कवळी करून घ्यायची आहे, पण दात जरा पिवळे हवेत, आणि एक किंचित वाकडा. म्हणाले, "बाई, खोटे आहेत हे शेजाऱ्यांना कळता कामा नये." मी रंगांची पट्टी त्यांच्या ओठाशी धरून बसले होते आणि ते आरशात बघून अजून पिवळा, अजून पिवळा करत होते. शेवटी आमच्या मालकीणबाई म्हणाल्या, साहेब, याहून पिवळा दात आमच्याकडे बनत नाही. हसू आवरेना.

हॉस्पिटलने तुला कळवलंच असेल. भावोजींना किडनी द्यायला मी दाता म्हणून योग्य नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. याहून जास्त ते कुणालाच सांगत नाहीत, त्यामुळे मीही काय लिहू? व्हायचं ते झालं. दुसरा काही मार्ग निघेल.

भावोजींना भेटायला यायचं मनात होतं, पण काम हातावेगळं होत नाही. डायलिसिसहून आले की त्यांना थंडी वाजते म्हणालीस, तर माझी राखाडी शाल पाठवू का? जाड आहे.

भाच्याला सांग, मावशीला कधीतरी फोन कर. घरांचे नकाशे काढणाऱ्याला माझ्या घरचा रस्ता सापडत नाही का म्हणावं.

बाकी ठीक. काळजी घे.

तुझी,
धाकटी


६ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. ख्यालीखुशाली आज नको. सरळ मुद्द्यावर येते.

तू लिहिलंस, "तुझी तरी काय चूक, बिचारी, शरीरच जुळलं नाही त्याला तू काय करणार." पुढे लिहिलंस की मुलगा आता हट्टाला पेटलाय, बाबांना मीच किडनी देणार म्हणतो. आणि मग ही ओळ: "पण त्याच्या बाबतीत माझ्या मनात किंतु आहे. अजून लग्न व्हायचंय, उभं आयुष्य पुढे आहे. तो तुझं ऐकतो. तू त्याला समजाव."

मी ते पत्र ओट्यावर ठेवलं, भांडी घासली, हात पुसले आणि पुन्हा वाचलं. किंतु. तुझ्या अक्षरात, व्यवस्थित, अनुस्वारासकट.

म्हणजे हा शब्द तुला येतो तर.

तुझ्या घरी आपण सगळे जमलो होतो ते आठवतंय? तुझ्या साखरेमुळे तुला पहिल्याच तपासणीत बाद केलं होतं आणि तू दोन दिवस रडून डोळे सुजवून बसली होतीस. जेवणाच्या टेबलाशी काका, काकू, तू, मी. काका म्हणाले, "मग धाकटी आहेच की." जसं काही वरच्या फळीवर जास्तीचं पातेलं आहे, काढायचं फक्त. काकू म्हणाली, "तिच्यामागे तरी कोण आहे? ना नवरा, ना पोर." मी म्हटलं, "मला जरा विचार करू दे." त्यावर तू चहा ओतता ओतता, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "घरचंच तर माणूस आहे. यात किंतु कसला?" आणि कपात साखर किती, हे काकांना विचारलंस.

मला त्या दिवशी कुणी काहीच विचारलं नाही, ताई. काकांना साखर तरी विचारलीस.

अण्णा हयात असते तर त्यांना हे दाखवलं असतं. आयुष्यभर छापखान्यात दुसऱ्यांची मुद्रितं तपासली त्यांनी. आठवतं, एकदा तू निबंधात "परंतु किंतु" असं लिहिलं होतंस आणि त्यांनी आपल्या दोघींना समोर बसवलं होतं? म्हणाले, पण आणि परंतु ही कष्टाळू माणसं, दोन वाक्यांच्या मधे उभी राहून दोघांचा हात धरतात. किंतु मूळचा त्यांच्यातलाच. मराठीत आला आणि त्याने ते काम सोडलं, माणसाच्या मनात जाऊन बसला. तेव्हापासून आपण म्हणतो, किंतु येतो, किंतु राहतो, किंतु ठेवू नका. तू विचारलं होतंस, "म्हणजे शंका ना?" ते म्हणाले, "शंका विचारता येते. किंतु विचारता येत नाही, म्हणून तो किंतु. बोलून दाखवला की त्याचं दुसरंच काहीतरी होतं. भीती होते, राग होतो, नाहीतर सरळ नकार होतो."

तू पेंगत होतीस. मी ऐकत होते.

तर आता माझा बोलून दाखवते.

मी जुळत होते, ताई. रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्याही जुळल्या. रक्ताचं नातं नसूनही इतकं चांगलं जुळतं हे डॉक्टरांनाही नवल वाटलं. माझी तब्येत ठणठणीत आहे. मी अयोग्य नव्हते. मी नाही म्हटलं.

शेवटच्या दिवशी त्या समुपदेशक बाईंनी मला एकटीला आत बोलावलं. तू माझी पर्स धरून बाहेर उभी होतीस. खोली लहान, दोन खुर्च्या, मधे टेबलसुद्धा नाही. तिथल्या नियमाप्रमाणे दात्याशी त्या एकटीनेच बोलतात, घरच्यांपैकी कुणालाही आत येऊ देत नाहीत. ऑपरेशन कसं करतात, किती दिवस विश्रांती, पुढे काय त्रास होऊ शकतो, सगळं नीट सांगितलं. मी मान डोलावत राहिले. मग त्यांनी विचारलं, "आता मला सांगा, तुमच्या मनात काही किंतु आहे का?"

हाच शब्द. तुझा आवाज अजून कानात होता, आणि ही अनोळखी बाई तोच शब्द घेऊन माझ्यासमोर बसली होती, उत्तराची वाट बघत. तिला खरंच उत्तर हवं होतं.

मी म्हटलं, "आहे."

"बोलावंसं वाटतंय?"

"मला द्यायची नाही."

माझ्या तोंडून ते निघालं तेव्हा मीच दचकले. मग मी भराभर कारणं द्यायला लागले. मी एकटी राहते, उद्या उरलेली बिघडली तर मला कोण बघणार. आमचं काम बसून, वाकून, मान मोडून करायचं. आई एका साध्या ऑपरेशनला आत गेली आणि शुद्धीवर आली नाही, तेव्हापासून त्या हिरव्या कपड्यांची मला भीती वाटते. मी बोलतच होते. त्या म्हणाल्या, "एवढी कारणं लागत नाहीत. नाही म्हणालात, तेवढं पुरे. बाहेर आम्ही फक्त 'योग्य नाही' एवढंच कळवतो. सगळ्यांच्याच बाबतीत तसं करतो, म्हणजे घरात कुणाला त्रास होऊ नये."

पळवाट मिळाली, मी ती घेतली. बाहेर आले, तू माझ्या हातात पर्स दिलीस, आणि मी तुला काही सांगितलं नाही. गेल्या पत्रातसुद्धा दातांचे विनोद लिहिले.

आज का सांगते आहे, ते ऐक. तू मला बिचारी म्हणालीस म्हणून. माझं शरीर नापास झालं असं समजून तू माझी कीव करावीस, हे मला चालणार नाही. माझं शरीर पास झालं होतं. नकार माझा आहे, आणि तो माझ्या नावावर राहू दे.

काकू म्हणाली ते मला लागलं. त्याचा राग म्हणून मी नाही म्हटलं असं तुला वाटेल. तसं असतं तर सोपं झालं असतं, राग ओसरला की हो म्हणता आलं असतं. राग कधीच ओसरला. उत्तर तेच आहे. मला भीती वाटते आणि मला माझं शरीर आहे तसं हवं आहे. बसच्या सीटवर लिहिलेलं असतं ना, राखीव, तशी मी या घरात इतकी वर्षं होते. आईच्या आजारपणाला मी, काकांच्या मोतीबिंदूला मी, तुझ्या बाळंतपणाला मी. ते सगळं मी आनंदाने केलं आणि त्यातलं एकही परत मागत नाही. पण म्हणून मी राखीव जागा नाही. माझ्यात मीच बसले आहे.

आता भावोजी. त्यांना मी काल भेटले. तुला कळायच्या आधी त्यांना कळायला हवं होतं, म्हणून रजा टाकून डायलिसिसच्या हॉलमध्ये गेले. मला सायकल त्यांनी शिकवली, ताई. त्यांच्या शाळेतल्या पोरांना शिकवावी तशी, मागून कॅरिअर धरून, शिट्टी वाजवत. त्या माणसाच्या समोर बसून मला हे सांगायचं होतं. पिशवीतली केळी स्टुलावर ठेवली आणि म्हटलं, "भावोजी, खोटं बोलले मी. जुळत होतं."

ते नळीकडे बघत होते. म्हणाले, "मला वाटलंच होतं."

"कशावरून?"

"जुळलं नसतं तर दुसऱ्या दिवशी रडत आली असतीस. तू तोंड चुकवायला लागलीस."

मी विचारलं, राग आला का. यंत्राचा आवाज चालू होता. मग म्हणाले, "आला. तुझ्याशी कशाला खोटं बोलू? मला जगायचंय. पोरांना लांब उडी शिकवायची आहे अजून." थोड्या वेळाने म्हणाले, "तुझी घ्यायला मला जमेल का, हे मलाही कुणी विचारलं नाही बरं का. सगळं ठरवूनच सांगितलं. तू जेवायला आलीस की मी ताटाकडे बघत बसायचो. तुझ्याकडे बघवायचं नाही."

मला वाटलं आता ते मला मोकळं करतील, जा म्हणतील, काही वाटून घेऊ नकोस म्हणतील. तसं काही म्हणाले नाहीत. खोटा दिलासा दिला नाही, म्हणून तर मला त्यांची किंमत आहे, ताई. फक्त निघताना म्हणाले, "ही केळी घेऊन जा. मला चालत नाहीत. आणि पुढच्या वेळी मोकळ्या हाताने ये, पण ये."

राहिला तुझा मुलगा. परवा माझ्याकडे येऊन गेला. माझ्या पायरीवर बसून म्हणाला, "मावशी, काकाआजोबा म्हणतात दे, आई म्हणते तिच्या मनात किंतु आहे. माझ्या मनात काय आहे ते कुणालाच नकोय." मी त्याला तुझ्यासारखं समजावलं नाही आणि काकांसारखं ढकललंही नाही. एवढंच सांगितलं की तिथे एक खोली आहे, त्या खोलीत तुला एकट्याला विचारतील, आणि तू जे सांगशील ते भिंतीबाहेर जाणार नाही. हो म्हण, नाही म्हण, वेळ माग. सत्तावीस वर्षांचा माणूस आहे तो.

तुझ्या मनात किंतु आहे, तो असणारच. आई आहेस. मी त्याला हसत नाही. तो खरा आहे. पण माझाही खरा होता. एकच शब्द, तुझ्या पोराच्या वेळी माया आणि माझ्या वेळी नाटक, असं होणार नाही. मी होऊ देणार नाही.

रागाव. फोन कर आणि ओरड, या वेळी मीही मधे बोलणार नाही.

न जुळलेली नव्हे, न दिलेली,
धाकटी


१९ मे

प्रिय ताई,

नमस्कार. तू उत्तर दिलं नाहीस. फोनही केला नाहीस. तुझ्याऐवजी काकांनी केला. म्हणाले, "तुला झोप तरी कशी लागते?" मी म्हटलं, "डाव्या कुशीवर." त्यांनी फोन ठेवला. काकूने नंतर आणखी चार जणांना सांगितलं, आणि त्या चार जणांनी मला. एका आत्याने तर देवाची भीती घातली. तिला म्हटलं, तुमच्या दोन्ही चांगल्या आहेत ना, मग तपासणीला कधी जाताय? त्यानंतर तिचा फोन आलेला नाही. तुला म्हणून सांगते, बरंच शांत वाटतंय.

भाचा मला सगळं सांगत होता, हे तुला आता कळलं असेलच. त्याने चोरून काही केलं नाही. त्या खोलीत त्याने आधी सांगितलं की मला भीती वाटते. ज्या मुलीशी लग्न करायचं आहे तिला हे कसं सांगू, कळत नाही, असंही सांगितलं. त्या बाईंनी त्याला घरी पाठवलं, म्हणाल्या, घाई नाही. मग त्याने त्या मुलीला सांगितलं. मग बापाशी बोलला. आणि भावोजींनी पोराला सांगितलं की तू मनापासून दिलीस तरच घेईन, आणि आईच्या रडण्याला घाबरून मागे फिरलास तर तेही चालेल, पण मला येऊन सांग. सगळ्यांशी बोलून झाल्यावर तो हो म्हणाला. ते हो त्याचं आहे. मी त्यात कुठेही नाही, आणि काकांनाही त्यात नाक खुपसू देऊ नकोस.

ऑपरेशनच्या दिवशी त्या लांब बाकावर तू एका टोकाला आणि मी दुसऱ्या. मधे तुझी पिशवी. त्या मुलीने दोघींना चहा आणून दिला आणि भांबावून मधेच उभी राहिली, कुणाच्या शेजारी बसू कळेना तिला. चांगली वाटली मला. आतून नर्स आली आणि मुलगा व्यवस्थित आहे म्हणाली, तेव्हा तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "त्याला काही झालं असतं तर मी तुझं तोंड पाहिलं नसतं."

मी म्हटलं, "माहीत आहे."

एवढंच बोलणं झालं आपलं. आणखी एक सांगायचं होतं, ते तिथे जमलं नाही. त्याला स्ट्रेचरवरून आत नेलं तेव्हा त्याने माझ्याकडे बघून अंगठा वर केला. हिरवा गाऊन, पांढरे पाय बाहेर. मला वाटलं नाही का, की इथे मी असायला हवं होतं? वाटलं. ते दार बंद झाल्यावर मी स्वतःलाच विचारलं, आत्ता कुणी बाहेर येऊन म्हणालं, की अजून वेळ आहे, तू येतेस का, तर? उत्तर बदललं नाही, ताई. तुला हे क्रूर वाटेल. मला मात्र तेव्हा कळलं की माझं नाही हे खरोखरच नाही होतं, नुसती रुसवाफुगवी नव्हती.

ते दोघे बरे आहेत, याचा मला जितका आनंद आहे तितका तुझ्यानंतर कुणाला नसेल. काल भावोजींचा फोन आला होता. संत्र्याचा रस प्यालो म्हणाले, आणि मग त्याच्या चवीबद्दल शाळेतल्या पोरासारखं बोलत राहिले. तुझा मुलगा अजून जपून हसतो, टाके ओढतात म्हणतो. मी त्याला विनोद सांगायचे बंद केले आहेत.

आता तुझा निरोप. भाच्याने चाचरत सांगितला: "आई म्हणते, मावशीने एकदा माफी मागितली तर सगळं विसरेन."

नाही मागणार.

खोटं बोलले त्याची मागते, आत्ता, याच ओळीत. हॉस्पिटलच्या आड लपले, तुला सांत्वन करायला लावलं, ते चुकलं. पण नाही म्हटल्याची माफी मी मागणार नाही, आज नाही आणि भावोजी पोरांना घेऊन मैदानात उतरतील त्या दिवशीही नाही. आणि तू ते विसरूही नकोस. लक्षात ठेव आणि तरी माझ्याशी बोल. तसं जमत असेल तर ते मला हवं आहे.

येत्या रविवारी सकाळी मी येणार आहे. माफी मागायला नाही, तुला भेटायला. तू पट्टा लावतेस की नाही तेही बघायचं आहे मला. दार उघडलंस तर आत येईन. नाही उघडलंस तर पायरीवर बसेन, आणि थोड्या वेळाने पुन्हा बेल वाजवेन.

दोन्ही किडन्यांसकट,
तुझीच सख्खी बहीण